हा आवाज माझा नव्हे

माझा आवाज भारदस्त आहे, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. इतरांना ते माहीत नव्हतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. मी ‘बसा’ म्हटलं की वर्ग बसायचा, आणि भिंत पातळ असल्यामुळे शेजारचा वर्गही बसायचा. स्वतःच्या आवाजाचा गर्व व्हायला माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना तर मी समोरचा माईक हाताने बाजूला सारला होता. ‘मला याची गरज नाही,’ असंही म्हणालो होतो. माईक मंडळींनी ते मनात ठेवलं असावं.

आमच्या सिंदेवाहीच्या मुलखात धान कापून झाला, दिवाळी सरली, की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. हीच झाडीपट्टी रंगभूमी. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही तिची राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे. गावातलं मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवतं. दिवसा मंडईची जत्रा नाहीतर शंकरपटाची बैलशर्यत, रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवायच्या बेताला पडतो. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला या रंगभूमीची बातमी लागली. आमच्याकडच्या पाहुण्यारावळ्यांना ती आधीपासून आहे. नाटक ठरलं की ते घोंगडी घेऊन मुक्कामालाच येतात.

तर अशा नाटकाचा प्रचार गाडीवर भोंगा बांधून गावोगाव होतो. त्या भोंग्यातून वाजणारी घोषणा आधी रेकॉर्ड करावी लागते. यंदा जवळच्या गावातल्या मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले. म्हणाले, “गुर्जी, बाहेरून आवाज भरून आनाले पैसे लागते. तुमचा तं आवाजच भोंग्यावानी आहे.”

यात स्तुती किती आणि नुसतं वर्णन किती, हे तेव्हाच तपासायला हवं होतं. मी हो म्हणालो. काम एका मिनिटाच्या घोषणेचं होतं. ते एकोणीस दिवस चाललं.

दिवाळीला नागपूरहून आलेल्या पुतण्याने अठराशे रुपयांचा माईक मागवून दिला, लॅपटॉपमध्ये रेकॉर्डिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं, आणि ‘काकाजी, एकदम सोपं आहे’ असं सांगून तो मित्रांकडे निघून गेला. ज्याला एखादी गोष्ट येते त्याने ती सोपी आहे असं सांगून निघून जायचं, ही पद्धत मी वर्गात चाळीस वर्षं वापरली होती. तिची चव प्रथमच घेतली.

पहिले दोन दिवस माझा आवाज फार लांबून येत होता. मी सिंदेवाहीत बोलतोय आणि रेकॉर्डिंग मूलला होतंय, असं वाटावं. मी माईकच्या जवळ सरकलो. आणखी जवळ सरकलो. शेवटी नाक त्याच्या जाळीला टेकलं, तरी आवाज मूलवरून नागभीडला गेल्यासारखा. तिसऱ्या दिवशी पुतण्याने येऊन माईकवर नख घासलं. पडद्यावरची हिरवी पट्टी हलेना. मग त्याने लॅपटॉपच्या कडेवर नख घासलं. पट्टी उड्या मारायला लागली. लॅपटॉपच्या आत स्वतःचा एक टाचणीच्या डोक्याएवढा माईक असतो. मी दोन दिवस अठराशे रुपयांच्या माईकशी बोलत होतो आणि लॅपटॉप आतल्या आत, फुकटात, ऐकत होता. कोणाचं ऐकायचं हे त्याला वेगळं निवडून सांगावं लागतं. ‘मीटिंगमध्ये अध्यक्षाशी बोला अन् लिहून घेते सचिव, तसाच आहे हा,’ असं अध्यक्ष म्हणाले, आणि ते मला लगेच कळलं.

माईक निवडला. आता आवाज जवळून आला, पण गुदमरलेला. मी स्टेजवरच्या माईकसारखा त्याच्या डोक्यात बोलत होतो. पुतण्या म्हणाला, “काकाजी, हा कंडेन्सर आहे. हा वरून ऐकत नाही, बाजूने ऐकतो.” मी बाजूने बोललो. “ही नाही, दुसरी बाजू. ही त्याची पाठ आहे.” म्हणजे इतका वेळ मी एका यंत्राच्या टाळूला आणि नंतर पाठीला उद्देशून ‘रसिक मायबापहो’ म्हणत होतो. मास्तरकीत निम्मं आयुष्य पाठ फिरवलेल्यांशी बोलण्यातच जातं, त्यामुळे वेगळं काही जाणवलं नव्हतं.

मग घूं सुरू झालं.

माझ्या प्रत्येक वाक्याखाली एक बारीक, न थकणारी गुणगुण होती. मी गप्प बसलो की ती मोठी होई. आधी फ्रिजवर संशय घेतला, तो बंद केला. मग राईस मिलवर घेतला, पण ती मला बंद करता येत नव्हती. मंडळातल्या एकाने आंब्यावर आग्या मोहोळ बसलंय का ते पाहायला सांगितलं. दुसऱ्याने माईकला लाल कपडा बांधायला सांगितला. घरात एखादा आजारी पडला की जसा औषध सांगणाऱ्यांचा राबता सुरू होतो, तसा माझ्या माईकचा सुरू झाला. येणारा प्रत्येकजण ‘हॅलो, हॅलो’ म्हणून नाडी बघायचा, तोंड वाकडं करायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

रोग शेवटी नाटकांना साऊंड लावणाऱ्या डेकोरेशनवाल्याने ओळखला. तो काही बोलला नाही. त्याने लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपटली. घूं थांबलं. पिन लावली, घूं आलं. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. अर्थिंग धड नसेल तर ते हेलकावे वायरीतून माईकपर्यंत पोचतात आणि ५०, १०० अशा त्यांच्याच पटीत गुणगुणत राहतात. त्याने भिंतीतला बोर्ड उघडला. तीन भोकांच्या सॉकेटमधल्या मोठ्या भोकाला आत वायरच नव्हती. ते भोक नुसतं शोभेला होतं.

चार्जर काढून रेकॉर्ड करावं, तर माझ्या लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं चालते. त्यातली सात तो सुरू होण्यात घालवतो. तेव्हा अंगणात खड्डा खणून खरीखुरी अर्थिंग करायचं ठरलं. खड्ड्यात पट्टी उभी करतात आणि भोवती मीठ-कोळशाचे थर देऊन वर पाणी ओततात. ओलाव्याने आणि मिठाने माती वीज चांगली वाहून नेते. मी पाच किलो मीठ घेऊन आलो तशी ही ओसरीत आली.

“अजी, एवढा मीठ काहाले? माईकचा लोनचा घालता का?”

मी तिला अर्थिंग समजावून सांगितली. ती ऐकून घेतल्यासारखं करून आत गेली आणि थोड्या वेळाने धावत बाहेर आली. फ्रिजला हात लावला तरी झिणझिण्या येत नव्हत्या. वीस वर्षं त्या झिणझिण्यांना आम्ही दोघं थंडी समजत होतो.

घूं गेलं आणि त्याच्याखाली दडलेला घुम वर आला. आमची खोली स्लॅबची, खाली टाईल्स, भिंती कोऱ्या. मी ‘नाटक’ म्हटलं की चारही भिंती ‘टक, टक’ म्हणत. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत भिंतींना फोम चिकटवतात. फोमचं काम म्हणजे आवाज पिऊन टाकणं, परत न पाठवणं. हे गुण असलेली दुसरी कोणती वस्तू घरात आहे याचा विचार करता मला धान आठवला. नुकताच चुरून आलेला धान बाजूच्या खोलीत होता. दोघा गड्यांना लावून मी पोती आणि कट्टे माझ्या टेबलाभोवती छातीइतके रचून घेतले, वरून दोन गोधड्या टाकल्या आणि आत शिरलो. घुम खलास. एखाद्या जर्मन स्टुडिओला हेवा वाटावा अशी शांतता. फक्त उंदीर होते.

आणि टिकटिक होती. शांतता इतकी वाढली की टिकटिक ऐकू येऊ लागली. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तरी टिकटिक. शेवटी कळलं, ती माझ्या मनगटावर होती. निवृत्तीला शिक्षकांनी दिलेलं चावीचं एचएमटी. आणि भोवतीच्या पोत्यांमध्ये होता तोही एचएमटीच! नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यावर निवड करत करत धानाचं जे बारीक वाण काढलं, त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं. सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे, आणि एचएमटीची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. पण मनगटावरचा एचएमटी आणि पोत्यातला एचएमटी यांच्यामध्ये कोंडला गेलेला माणूस बहुधा मीच पहिला. मी घड्याळ काढून धानात खुपसलं. ते पुढे चार दिवस सापडलं नाही.

मग अक्षरं फुटायला लागली. झाडीपट्टीच्या घोषणेत ‘भव्य’ लागतंच. त्यामागे ‘भावनाप्रधान’ येतं, ‘खळबळजनक’ येतं, ‘धमाकेदार’ येतं, आणि फार झालं तर ‘प्रथमच’. मराठीत ख, फ, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. पंजा तोंडासमोर धरून ‘भ’ म्हणून पाहा. तो झोत माईकच्या पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘भव्य’ऐवजी बॉम्ब पडतो. माझं पहिलं सलग रेकॉर्डिंग ऐकून ही म्हणाली, “नाटक लढाईचा आहे का जी?” उपाय म्हणून तिची पिठाची चाळणी आणि जुनी ओढणी मध्ये बांधली आणि माईकच्या जरा बाजूला तोंड करून बोलू लागलो. बॉम्ब थांबले. घरात दोन दिवस पीठ न चाळता भाकरी झाली.

एवढं झाल्यावर माकडांनी भाग घेतला. सकाळी सातला स्वयंपाकघराच्या टिनांवर लंगुरांची टोळी येते. दुपारी थ्रेशर. संध्याकाळी गाडी; गोंदिया-बल्लारशाहचा रेल्वेमार्ग इथूनच जातो. रात्री मात्र सगळं शांत. आमच्या भागात अंधार पडल्यावर विनाकारण बाहेर कोणी हिंडत नाही. ज्याच्यामुळे हिंडत नाही तो वाघही आवाज न करता जातो, हे त्याचे उपकार. म्हणून मी रात्री अकराला रेकॉर्डिंगला बसू लागलो. त्या वेळी फक्त पाल असते. पाल प्रत्येक वाक्यानंतर चुकचुकायची. सत्य आहे, असं तिचं मत पडायचं.

सॉफ्टवेअरमध्ये खरखर पुसायची एक सोय असते. आपण त्याला खोलीतल्या नुसत्या शांततेचा नमुना द्यायचा. त्या नमुन्यात जे जे असेल ते ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा करतं. मी नमुना दिला. त्या चार सेकंदांत आतल्या खोलीतून ‘अजी, झोपता का नाही?’ अशी हाक आली होती, ती माझ्या कानाला आता ऐकू येत नाही. सॉफ्टवेअरला आली. माणसाचा आवाज हाच कचरा आहे असं समजून त्याने वजाबाकी केली आणि मला विहिरीत टाकलं. पाण्याखालून कोणीतरी ‘भव्य’ म्हणत होतं. दोष त्याचा नाही. मी दिलेला नमुनाच संसारी होता.

त्या रात्री पोत्यांमध्ये बसून मी गौहर जान यांची आठवण काढली. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्यांचं गाणं भरून घेतलं. वीज नाही, माईक नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो यायला १९२५ उजाडलं. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि समोर मेणाच्या तबकडीवर सुई ओरखडे काढत जायची. चूक झाली की तबकडी बाद. गाणं संपलं की त्या मोठ्याने स्वतःचं नाव सांगायच्या, कारण तबकड्या पुढे जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या माणसांना कळायला हवं, गाणारं कोण ते. आवाज ऐकून माणूस ओळखू येईलच याचा काय भरवसा? मला ही पद्धत आवडली. घोषणेच्या शेवटी मीही माझं नाव घातलं.

सतराव्या दिवशी चमत्कार झाला. रेकॉर्डिंग वाजवलं आणि लॅपटॉपमधून एक गंभीर, खोल, संथ आवाज आला. ‘रसिक मायबापहो’ असा तो म्हणाला आणि माझ्या अंगावर काटा आला. हाच! चाळीस वर्षं माझ्या डोक्यात घुमतो तो आवाज हाच. आतापर्यंतच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये जो एक किनरा, नाकातला, घाईतला इसम बोलत होता, तो म्हणजे यंत्राचा बिघाड होता, हे माझं म्हणणं सिद्ध झालं. मी हिला उठवलं. पुतण्याला उठवलं. अध्यक्षांना फोन केला.

पुतण्याने डोळे चोळत पडद्याकडे पाहिलं. “काकाजी, मिनिटाची घोषणा पासष्ट सेकंदांची कशी झाली?”

मग त्याने मला माझ्या वैभवाचा हिशेब सांगितला. माईक माझ्या आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे करून पाठवत होता. लॅपटॉपमध्ये मीच कुठेतरी काहीतरी दाबलं होतं, आणि तो ते तुकडे सेकंदाला ४४,१०० या चालीने वाजवत होता. सगळं शेकडा आठ संथ झालं, आणि आवाज पेटीच्या जवळजवळ दीड पट्टी खाली उतरला. माझा भारदस्तपणा म्हणजे ३,९०० तुकड्यांची थकबाकी होती. त्याने एक आकडा बदलला. किनरा इसम परत आला.

“हा बिघाड काढ ना,” मी म्हणालो.

“काढला ना, काकाजी.”

“मग हा आवाज असा कसा?”

तो गप्प बसला. ही मात्र अंथरुणातून म्हणाली, “तुमचाच तं आवाज आहे जी. असाच आहे. पहिल्यापासून.”

याला शास्त्र आहे, तेही मी नंतर वाचलं. इतरांना आपला आवाज हवेतून पोचतो. आपल्याला तो हवेतून येतो आणि कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडं जाडे स्वर जास्त पोचवतात. म्हणजे प्रत्येक माणूस जन्मभर स्वतःच्या डोक्याच्या घुमटात बसून स्वतःला ऐकतो, आणि खूश असतो. माईकला आपल्या हाडांशी काही देणंघेणं नसतं. फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउसी या दोघा संशोधकांनी १९६६ साली याच्याही पुढची गोष्ट मांडली: नुसता स्वर पातळ लागतो म्हणून माणूस दचकत नाही, आपण सांगायला निघालो नव्हतो ते आपला आवाज सांगून गेलेला असतो, ते ऐकून दचकतो.

मी पुन्हा ऐकलं, या वेळी बिघाड शोधायला नव्हे. ‘रसिकहो, वेळेवर या’ असं मी प्रेमाने म्हणालो होतो. ऐकू येत होतं ते असं, की जो वेळेवर येणार नाही त्याने अंगठे धरून उभं राहावं. आणखी एक गोष्ट होती. आमच्या झाडीबोलीत ण आणि ळ यांना थारा नाही. पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा. वर्गात पोरांचा ण सुधारण्यात माझी उमर गेली. कागदावर मी ‘आपण सर्वांनी’ असं लिहिलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये ‘आपन’ होतं. पाच वेळा पुन्हा म्हटलं. पाचही वेळा ‘आपन’. चाळीस वर्षं मी पोरांना ‘पानी नाही, पानी’ असं खडसावत होतो, आणि ती बिचारी गोंधळून माझ्याकडे बघत होती.

एकोणिसाव्या दिवशी मी होतं तसं रेकॉर्डिंग अध्यक्षांना दिलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली. “फस्ट किलास. फक्त शेवटचा नाव काढून टाकला. लागत नाही ना जी.”

मी काही बोललो नाही. गौहर जान यांच्याबरोबर आपली एवढीही बरोबरी होऊ नये, याचं जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गावच्या पारावरून चाललो होतो. वडाखाली चार बाप्ये बसले होते. चाळिशीचे, लेकराबाळांचे, धान विकून मोकळे झालेले. गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात वळणावरून प्रचाराची गाडी आली आणि भोंग्यातून तो किनरा, नाकातला आवाज निघाला: “रसिक मायबापहो, आपन सर्वांनी वेळेवर या!”

चौघेही ताडकन उठून उभे राहिले. एकाने बिडी पाठीमागे लपवली. दुसऱ्याने तोंडातला खर्रा थुंकला. मग त्यांची नजर खरोखरच समोर उभ्या असलेल्या माझ्यावर पडली, आणि एकाचा हात कानाकडे गेला.

मी ‘बसा’ म्हणालो. बसले.